आईचे एकशे सात, लेकीचे एकावन्न

सुईताईला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दंड राहत. रस्त्यात कुणी हसून ओळख दिली की ती गोंधळून कसनुसं हसायची. त्याच माणसाने बाही वर केली असती तर मात्र तिने धडाधड सांगितलं असतं, डावी शीर लबाड आहे, सुईखालून निसटते, उजवीकडे घ्या. एकाच लॅबमध्ये सव्वीस वर्षं रक्त काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? तिची सुई टोचलेली कळत नाही असा तिचा लौकिक होता, म्हणून ती सुईताई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं.

लॅब औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बाहेर आठ खुर्च्या आणि एक वजनकाटा, मधल्या खोलीत सुईताईची रुंद हाताची खुर्ची, आणि आत काचेपलीकडे रक्त तपासणारं मोठं मशीन. मशीनशेजारी टायपिंगवाली बसे. सुईताईच्या चिठ्ठ्या तिच्याकडे जात. चिठ्ठीवर वय लिहायचं, बाई की पुरुष ते लिहायचं, उपाशी की जेवलेला ते लिहायचं, झालं. सुईताई मात्र कोपऱ्यात पेन्सिलीने आणखी एक शब्द खरडायची. काडी. खांब. एक पाय. सूज. टायपिंगवाली आठवड्यातून एकदा तरी तिच्यापुढे हात जोडायची. संगणकात याला रकानाच नाही, मग हे घालू कुठे, माझ्या डोक्यावर? सुईताई म्हणायची, नको घालूस, पण मला लिहू दे.

हे खूळ तिच्या डोक्यात सासऱ्यांमुळे शिरलं होतं. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळ कानाला लावून, डोळे मिटून ते नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचे. अंगाने इतके वाळलेले, की सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायचा. एकदा त्यांना जंतूंचा मोठा संसर्ग झाला. सुनेनेच रक्त काढलं, सुनेनेच रिपोर्ट आणला, आणि रिपोर्टवर किडनी उत्तम असल्याचं छापलं होतं. उत्तम म्हटल्यावर डॉक्टरांनी जालीम औषधाचा पूर्ण डोस दहा दिवस चढवला. किडनी उत्तम नव्हतीच. औषध अंगात साठत गेलं आणि सासऱ्यांचे दोन्ही कान गेले. त्यानंतर ते घड्याळ कानाला लावायचे, थोडा वेळ थांबायचे आणि खाली ठेवायचे. सुईताईला ते बघवायचं नाही.

तेव्हा लॅबच्या जुन्या साहेबांनी तिला समोर बसवून समजावलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा रोजचा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. रक्तात कचरा जास्त दिसला की आपण म्हणतो किडनी सुस्त, कमी दिसला की म्हणतो किडनी तरतरीत. पण ज्याच्या अंगावर स्नायूच नाहीत त्याचा कचराच मूठभर. झाडणारा कितीही आळशी असला तरी त्याचं अंगण स्वच्छच दिसणार. मशीनने मोजलेलं बरोबर असतं, त्यावरून किडनीचा जो आकडा काढतात तो मात्र अंदाज असतो. हे सुईताईच्या मनात असं रुतून बसलं, की दुसऱ्या दिवसापासून पेन्सील कानावर आली.

आता त्या सोमवारची गोष्ट. सकाळी सातला लॅब उघडली तेव्हाच रांगेत एकतीस माणसं होती, आणि त्यांत एक आई आणि एक लेक होती. आईच्या मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तो शाळेत गणित शिकवायचा, सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं, आणि दीड वर्षापासून तो आठवड्यातून तीनदा मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसला जात होता. अलीकडे त्याच्या हाताच्या शिराही कुरकुरायला लागल्या होत्या, मशीनला रक्त जोडायचा एक रस्ता बंद पडला होता आणि दुसरा कसाबसा चालत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडनी देणारं कुणी असेल तर आता बसून राहू नका. रक्तगट आईचाही जुळला आणि बहिणीचाही. मग दोघी हटून बसल्या, मी देणार. शेवटी ठरलं, की दोघींचं रक्त तपासायचं, जिचा आकडा चांगला तिला पुढे पाठवायचं. गुरुवारी दुपारी बारा वाजता हॉस्पिटलात बैठक होती, तिथे नाव पक्कं होणार होतं.

लेक घरसामान हलवणाऱ्या कंपनीत कामाला होती. चौतीस वर्षांची बाई, पण कपाट पाठीवर बांधून चौथ्या मजल्यावर चढायची आणि वर पोचल्यावर मालकिणीला विचारायची, कुठल्या भिंतीला लावू. बरोबरच्या माणसांनी तिचं नाव क्रेन ठेवलं होतं, घरातही तेच पडलं. सुईताईने नेहमीचा रबरी पट्टा तिच्या दंडाला लावला तर गाठ बसेना. मोठा पट्टा काढावा लागला. आईची तऱ्हा उलटी. वय एकसष्ट, वजन अडतीस किलो. मुलगा आजारी पडल्यापासून बाईंनी अन्नावरून जणू मन काढून घेतलं होतं, दिवसभरात वाटीभर सूप आणि दोन बिस्किटं. पट्ट्याला तीन वेढे बसले. सुईताईने एका चिठ्ठीवर काडी लिहिलं, दुसरीवर खांब. एरवी ती प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायची, काल काय खाल्लं, पाणी प्यायलात का, कुठलं औषध चालू आहे का. त्या दिवशी रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर गेली होती आणि तिने विचारलं नाही. हे तिला पुढे चार दिवस खात राहिलं.

मंगळवारी संध्याकाळी रिपोर्ट पाकिटात घालताना तिचा हात थबकला. आईचं क्रिएटिनिन शून्य दशांश पाच, किडनीचा आकडा एकशे सात. लेकीचं एक दशांश चार, आकडा एकावन्न. म्हणजे सुपासारखी हलकी, चालताना भिंत धरणारी आई ठणठणीत, आणि फ्रीज उचलणारी लेक किडनीची रोगी. सुईताई पाकीट तसंच हातात धरून नव्या साहेबांकडे गेली. साहेब सज्जन माणूस, पण शिस्तीचा. त्यांनी मशीनची सकाळची चाचणी दाखवली, सगळं बिनचूक होतं. मग म्हणाले, आकडा काढणाऱ्या सूत्राला क्रिएटिनिन कळतं, वय कळतं, बाई की पुरुष कळतं. बाकीचं डॉक्टर बघतील. आपण रक्त बघायचं. आणि लॅबच्या माणसाने रिपोर्टवर मत देत फिरायचं नाही, हे तिला वेगळं सांगायला नको होतं, तरी त्यांनी सांगितलं.

तेवढ्यात मायलेकी आल्या. आईने उभ्याउभ्याच पाकीट फोडलं, आकडा वाचला आणि बाहेरच्या आठही खुर्च्यांवरच्या लोकांना सांगितला. एकशे सात. कुणी विचारलं नव्हतं. दीड वर्षात बाईंच्या तोंडावर असा उजेड कुणी पाहिला नसेल. मुलाला फोन लावून येते म्हणून त्या जिन्याने खाली गेल्या, भिंत न धरता. क्रेन मात्र मटकन खुर्चीत बसली आणि त्या एवढ्या मोठ्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सुईताईने पाणी दिलं. क्रेन म्हणाली, एवढी तयारी केली, तरी नापास.

तयारी कसली, असं सुईताईने विचारलं, आणि क्रेनने जे सांगितलं ते ऐकून तिने कपाळावर हात मारला. किडनी दणकट दिसावी म्हणून क्रेनने आदल्या रात्री किलोभर मटण एकटीने संपवलं होतं. सकाळी अंगात रक्त खेळतं राहावं म्हणून लॅबला येण्याआधी पाच वाजता एक फ्रीज आणि दोन कपाटं तिसऱ्या मजल्यावर चढवली होती. आणि उपाशी या म्हटलं होतं म्हणून रात्री दहानंतर पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घेतला नव्हता. कुणी शत्रूनेही तिचा आकडा बिघडवायला एवढे कष्ट घेतले नसते. सुईताईला हसू फुटलं. क्रेनला राग आला, ती उठून उभी राहिली, आणि ती उठली की खोली लहान व्हायची.

"बस खाली," सुईताई म्हणाली. "अगं, शिजलेलं मटण पोटात गेलं की क्रिएटिनिन वाढतं. ढोर मेहनत केली की वाढतं. पाणी नाही प्यायलं की वाढतं. आणि मुळात तुझ्या अंगावर जेवढं मांस आहे, त्याचा रोजचा कचराच दुसऱ्या बाईच्या दुप्पट."

"म्हणजे मी पास?"

"तसं नाही म्हटलं मी. आत्ता कुणालाच माहीत नाही, एवढंच म्हटलं."

पण क्रेनच्या कानात पासच शिरलं होतं. सुईताईने तिला दम भरला. आत्तापासून मटण बंद, ओझं बंद, तहान लागेल तसं पाणी, आणि गुरुवारी सकाळी सातला हजर. आईचं काय, हे तिने बोलायचं टाळलं. आई खाली रस्त्यावर फोनवर मोठ्याने बोलत होत्या आणि त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता.

बुधवार क्रेनने कसा काढला ते तिचं तिला माहीत. मुकादम ओरडला, बरोबरच्यांनी चेष्टा केली, एका ठिकाणी तर सोफा दारात अडकला आणि चार पुरुष घामाघूम झाले, तरी ही दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. गुरुवारी सातला ती लॅबच्या दारात होती. सुईताईने रक्त घेतलं, आणि एक नळी जास्तीची घेऊन बर्फाच्या डब्यात ठेवली. आठला निकाल आला. क्रिएटिनिन एक दशांश दोन, आकडा एकसष्ट. दहाने वाढला होता, पण किडनी देणाऱ्याला एकसष्ट म्हणजे काहीच नाही. क्रेनचा चेहरा पडला. सुईताई मात्र उलट पेटली. दोन दिवसांत किडनी सुधारत नसते. हा आकडा जर मटणाने, पाण्याने आणि ओझ्याने दहा घरं हलतो, तर हे खांबासारखं अंग त्याला किती खाली ओढत असेल? जुने साहेब निवृत्त होता होता एका दुसऱ्या तपासणीबद्दल सांगून गेले होते. सिस्टॅटिन सी. हा पदार्थ स्नायूंचा नव्हे, अंगातल्या सगळ्याच पेशींचा असतो, दंड जाड की बारीक याने त्याला फारसा फरक पडत नाही. या लॅबमध्ये ती सोय नव्हती. मोठ्या हॉस्पिटलात होती, पण डॉक्टरांची सही हवी, आणि बैठक बाराला.

सुईताईने पंधरा वर्षांत घेतली नव्हती ती गोष्ट घेतली, अर्ध्या दिवसाची रजा. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कुठे? ती म्हणाली, खासगी काम. साहेबांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, नळी बर्फातून बाहेर काढू नका, आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं.

हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. क्रेनने कंपनीचा टेम्पो आणला होता, मागे कुणाचं तरी जेवणाचं टेबल उलटं बांधलेलं. सुईताई पुढे बसली, मांडीवर बर्फाचा डबा, एका हाताने दाराची कडी धरून. क्रेन गाडी चालवत होती की हाकत होती हे सांगणं अवघड. खड्डा आला की मागचं टेबल दणादण आपटायचं आणि सुईताई डबा छातीशी धरायची. घाबरायला हवं होतं, पण तिला मनापासून मजा येत होती. सव्वीस वर्षं ती एका खुर्चीशेजारी उभी राहिली होती, रक्त पुढे जायचं आणि ती मागे राहायची. आज ती रक्ताबरोबर निघाली होती.

डायलिसिसच्या हॉलमध्ये मास्तर पलंगावर पडलेले होते, हातात दोन जाड सुया, शेजारी मशीन, आणि स्टुलावर आई. आई सुईताईला पाहून ओळखीचं हसल्या. या दोन आकड्यांवर विसंबून चालणार नाही, हे सुईताईने आधी मास्तरांनाच सांगितलं, कारण किडनीच्या डॉक्टर मॅडम अजून आल्या नव्हत्या. मास्तर गणिताचे, त्यांना हे पटेना. आकडा मोजून आलाय ना, मग प्रश्न कसला, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी सूत्रात काय काय असतं ते विचारलं. क्रिएटिनिन, वय, बाई की पुरुष. वजन? नाही. उंची? नाही. स्नायू किती, खाणं काय? नाही, नाही.

मास्तरांनी बोटांवर मोजलं, तीनच गोष्टी. मग असे ताडकन उठून बसले की सुई हलली, मशीन ठणाणा करायला लागलं आणि नर्स धावत आली. ते तिला म्हणाले, हे सूत्र सरासरी माणसाचं आहे, आणि आमच्या घरात सरासरी कुणीच नाही. नर्सने त्यांना खांदे धरून आडवं केलं. आडव्याआडव्या ते बहिणीला कागद मागत राहिले.

पावणेबाराला मॅडम आल्या. हातात फायलींचा गठ्ठा, फोन खांद्याला दाबलेला. सुईताई आधी भिंतीला लागून उभी राहिली. लॅबची रक्त काढणारी बाई, तिने मोठ्या डॉक्टरला काय शिकवायचं? पण तिला सासऱ्यांचं ते घड्याळ खाली ठेवणं आठवलं आणि ती सरळ आडवी गेली.

"मॅडम, मी रिपोर्टवर बोलायला आलेले नाही. रिपोर्ट आमच्याच लॅबचा आहे आणि बरोबर आहे. पण या दोघींचे दंड रिपोर्टवर छापलेले नाहीत, ते बघायला चला."

मॅडमनी फोन बंद केला. फाईल त्यांनी वाचली होती, माणसं पाहिली नव्हती, ती पुढच्या फेरीत बघायची असा रिवाज होता. त्या पलंगापाशी आल्या. त्यांनी आईच्या दंडाभोवती अंगठा आणि बोट फिरवलं, बोटं एकमेकांना भेटून वर पेरभर उरली. मग क्रेनकडे वळल्या. दोन्ही हातांचे पंजे लावूनही वेढा पुरा होईना. मॅडमना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या आणि आईकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

पुढच्या मोठ्या तपासण्यांत आईचं खरं रूप कधी ना कधी उघडं पडलंच असतं, असं त्या नंतर सुईताईला म्हणाल्या. पण त्यात दोन-तीन महिने गेले असते. आईचं नाव तेव्हा गळलं असतं, लेकीचं आज दुपारीच गळणार होतं, आणि मास्तरांच्या हाताला आता महिने मोजण्याइतका दम नव्हता. मॅडमनी बैठकीत नाव पक्कं करणं लांबणीवर टाकलं आणि दोघींच्या सिस्टॅटिनसाठी सही केली. सही करण्याआधी दोघींना प्रश्न विचारले, थायरॉइड आहे का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, तंबाखू-सिगारेट, अंगात कुठे सूज. कारण या तपासणीचेही आपले रुसवेफुगवे असतात, त्या म्हणाल्या, फक्त वेगळे. दोघींचं उत्तर सगळ्याला नाही.

शुक्रवारी दुपारी सुईताई एका लहान बाळाची शीर शोधत होती तेव्हा खिशातला फोन थरथरला. तिने तो तसाच थरथरू दिला. बाळाचं रक्त घेतलं, कापूस दाबला, बाळ त्याच्या आईकडे दिलं आणि मग जिन्यात जाऊन फोन लावला. पलीकडे मॅडम होत्या. लेकीचा आकडा शंभर. सुईताईने जिन्याचा कठडा धरला. तिला वाटलं आपण आता ओरडणार, आणि ती खरंच ओरडली, खालच्या औषधवाल्याने मान वर करून पाहिलं. मग मॅडम म्हणाल्या, आईचा चोपन्न.

हे तिला ठाऊक होतं. पेन्सिलीने काडी लिहिलं तेव्हापासूनच ठाऊक होतं. तरी ती कठडा धरून उभी राहिली, आणि जिन्यावरून फोन लावायला उतरणाऱ्या, भिंत न धरणाऱ्या त्या बाई तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

शेवटची तपासणी बुधवारी. यात अंदाज नाही, सूत्राची मेहरबानी नाही. शिरेतून एक औषध टोचायचं आणि ते रक्तातून किती वेगाने निघून जातं ते ठरावीक वेळाने रक्त काढून थेट मोजायचं. लेकीची तर करायचीच होती, पण आईनेही हट्ट धरला. चोपन्न मला मान्य नाही, म्हणाल्या, तुमचंच मशीन बिघडलं असेल. मॅडमनी नकार दिला नाही. मात्र सुईताईशिवाय दुसऱ्या कुणाची सुई आई लावून घेईनात, म्हणून मॅडमनी लॅबच्या साहेबांना फोन केला आणि साहेबांनी सुईताईला रीतसर पाठवलं. जाताना टायपिंगवालीने तिच्या कानावर नवी, टोक काढलेली पेन्सील खोचली.

दोन पलंग शेजारी शेजारी, मधे सुईताईचं स्टूल. चार तास. क्रेनला इतका वेळ स्वस्थ पडून राहायची सवय नव्हती, ती छताकडे बघत पायाची बोटं हलवत होती. आई ताठ पडून होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. दर वेळी सुई लागली की विचारायच्या, आता कसं आहे, आणि सुईताई दर वेळी सांगायची, नुसतं बघून कळत नाही हो. मास्तर दाराशी खुर्चीवर, मांडीवर वही. त्यांनी आलेख काढायला घेतला होता, पण आकडेच नव्हते, म्हणून नुसत्याच दोन रेषा आखून बसले होते.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या खोलीत कळला. सुईताई कामावर जाण्याआधी तिथे येऊन बसली होती, तिला राहवलंच नव्हतं. लेक शहाण्णव. आई बावन्न. मॅडमनी आईपुढे खुर्ची ओढली आणि शांतपणे सांगितलं, की त्यांच्या दोन्ही किडन्या मिळून आता जेमतेम त्यांच्यापुरत्या आहेत. एक काढली असती तर घरात दुसरा रोगी झाला असता. आणि यापुढे कुठलंही औषध घेताना हा बावन्न डॉक्टरला सांगायचा, तो एकशे सात नाही. लेकीच्या पुढच्या तपासण्या उद्यापासून सुरू.

मास्तरांनी बहिणीचा हात धरला. क्रेन हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम, आणि खुर्ची तिच्याखाली करकरत होती. फक्त आई आपल्या हातांकडे बघत होत्या, नखांशी चाळा करत. मग त्या सुईताईकडे वळल्या.

"बाई, तुम्ही माझं चांगलंच केलंत, कळतंय मला. पण आठ दिवस मी सुखात होते. मुलाला द्यायला माझ्याकडे काहीतरी आहे, असं आठ दिवस वाटत होतं."

क्रेन उठली. ती आईपुढे जमिनीवर बसली, तरी तिचं डोकं आईच्या डोक्याला लागत होतं.

"आई, माझी किडनी बनली कुठे?" ती म्हणाली. "माझ्या कंपनीच्या गोदामात बनली का? तुझ्याच पोटात ना. मी नुसती चौतीस वर्षं उचलून फिरतेय, सामान तुझं आहे. पोचवायचं काम तेवढं माझं."

आईने लेकीकडे पाहिलं. तिच्या रुंद खांद्यांवरून, जाड दंडांवरून त्यांनी दोन्ही हात फिरवले, मोजून घेतल्यासारखे.

"मग नीट पोचव," त्या म्हणाल्या. "आपटू नकोस."